लाल कानांचा चमत्कार

सातपूरच्या एका हॉलमध्ये दीडशे पुरुष बाटलीतला अर्क पिऊन एकमेकांचे कान निरखत बसले होते. बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, कारखान्यातले कामगार. मंचावर दिनेश महाराज गरजत होते, "वय झालं की हार्मोन उतरतात, पुरुषातला पुरुष विझतो! हा पेठच्या डोंगरातल्या वीस वनस्पतींचा अर्क. केमिकलचा थेंब नाही. अर्ध्या तासात कान तापले, की समजा जवानी परतली!"

आणि खरंच कान तापले. चेहरे लालबुंद झाले. जयजयकार सुरू असतानाच तिसऱ्या रांगेतले रंगनाथ खुर्चीवरून कोसळले.

"हात लावू नका! अंगातली मरगळ बाहेर पडतेय," महाराज म्हणाले.

हॉलच्या दाराशी थांबलेली रंगनाथांची बायको मालनबाई धावत समोरच्या माझ्या दवाखान्यात आली. मी पोचले, तेव्हा लोक त्या निपचित माणसाला हात जोडत होते. मी त्यांना बाजूला सारलं. रक्तदाब जेमतेम लागत होता.

"हृदयाची गोळी घेतली होती?" मी मालनबाईंना विचारलं.

"जिना चढताना छातीत दुखलं, म्हणून जिभेखाली ठेवली ना. तरी म्हणत होते, हा अर्क पिऊनच घरी जायचं."

मी त्यांचे पाय उंच करवले, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि त्यांची अर्धी उरलेली बाटली उचलली. चार दिवसांनी रंगनाथ अतिदक्षता विभागातून बाहेर आले. बाटली मी औषध निरीक्षकांकडे दिली.

महाराजांच्या पुढच्या शिबिरात निरीक्षक आणि मी त्या बाटलीच्या तपासणीचा अहवाल घेऊनच गेलो.

"यात गुळाचं पाणी, ज्येष्ठमध आणि पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्यांची पूड आहे," मी सांगितलं. "त्या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, म्हणून कान तापतात. हार्मोन कणभर वाढत नाही. जिभेखालच्या हृदयाच्या गोळीबरोबर ही पूड घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून माणूस मरू शकतो."

"खोटं! ही मुळीची शक्ती!" महाराज ओरडले.

निरीक्षकांनी महाराजांच्या खोलीत सापडलेली गोणी ओतली. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचा ढीग पडला.

तरी मागून एकजण कुजबुजला, "पण गुण येतो ना, मॅडम?"

आमच्याबरोबर आलेले रंगनाथ काठी टेकत उठले. "गुण? मी मरत होतो, आन् तुम्ही मला नमस्कार करत होता! थकवा येतो, बायकोजवळ जायला मन होत नाही, हे डॉक्टरबाईंना सांगायची मला लाज वाटली. ह्या चोराला मात्र सगळं सांगितलं!"

कुजबुजणाऱ्याने हातातली बाटली निरीक्षकांपुढे ठेवली.

म्हणून स्पष्टच सांगते. वय वाढणं हा आजार नाही, आणि त्रास होत असेल तर त्यात लाजण्यासारखंही काही नाही. रक्त तपासून घ्या, चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. बाटलीत काय आहे ते जो सांगत नाही, त्याला प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत ती बाटली तोंडाला लावू नका.