सात नंबरचा दगड

सात नंबरच्या दगडात जीव सापडला, असं सरांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला मात्र घाम फुटला.

परीक्षकांकडून बारा बंद डब्यांतून बारा दगड आले होते. कुठल्या दगडात जिवाणूंच्या खुणा आहेत ते आमच्या यंत्राने ओळखायचं. दगडावर हिरवा लेसर मारायचा, परत येणाऱ्या उजेडातले रंग वेगळे करायचे, की त्यांच्या रेघांवरून आत काय आहे ते कळतं. बाराही उत्तरं बरोबर आली, तरच यंत्र यानातून दुसऱ्या ग्रहावर जाणार. एक जरी चुकलं, तर माझी सहा वर्षं पाण्यात. उत्तरं पाच वाजता द्यायची होती. तीन वाजून गेले होते.

"सर, सात परत मोजते."

"अगं, रेघ बरोबर जिवाणूंच्या रंगाच्या जागी आलीये! आता कशाला खुसपट काढतेस?"

सांगायची लाज वाटत होती, तरी सांगितलं. मोजताना खोलीत मिट्ट अंधार लागतो. सहा नंबरची डबी अंधारात माझ्या हातून पडली, म्हणून सात ठेवताना मी ट्यूबलाईट लावली. मोजण्याआधी ती बंद केली की नाही, काही केल्या आठवेना.

"तू? दिव्यावरून सगळ्यांना झापणारी तू?"

"हो, मीच! दारावरची 'दिवे बंद ठेवा' ही पाटीपण माझ्याच अक्षरात आहे."

मी ट्यूबलाईट लावली, लेसर बंद ठेवला आणि मोजलं. तीच रेघ, त्याच जागी! दगडाची नाही, ट्यूबमधल्या पाऱ्याच्या उजेडाची रेघ होती ती. सरांनी फळ्यावरच्या दोन्ही रेघा पुसल्या.

मग अंधारात सात नंबर तीनदा मोजला. काही म्हणजे काही नाही.

"पुसट असेल गं," सर काकुळतीला आले. "शंका आहे असं लिहू."

"शंका कसली? जीव नाही, असं लिहायचं."

"आणि असला तर?"

"तर घरी बसेन. पण ट्यूबलाईटला जिवंत म्हणणार नाही."

पाचला उत्तरं दिली. परीक्षकांनी त्यांचा लिफाफा फोडून वाचून दाखवलं. सात: भट्टीत भाजलेला, निर्जीव. बाराही बरोबर.

तेवढ्यात आईचा फोन. रोजचाच प्रश्न, "सापडला का गं जीव?"

"सातमध्ये नव्हताच, आई!" मी म्हणाले आणि हमसून हमसून रडायलाच लागले.

"असू दे गं बाळा," आई समजूत घालू लागली. "पुढच्या दगडात बघ."

"बघते," मी नाक पुसत म्हटलं. "जरा लांबचा आहे."