गाण्यातला ढोल

सुदर्शन मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि फिरत्या तबकडीवर सुई टेकवली.

"भिंतीकडे हो," ते बायकोला, चंदाला म्हणाले. "आणि पडायचं नाही. सुई उडते."

चंदा भिंतीकडे झाली. माडीची जमीन फळ्यांची होती, खिडकीतून मांजर उतरलं तरी टेबल हलायचं. आजचा गुन्हा असा, की धूळ पुसताना अमेरिकन तबकडीवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. मास्तरांकडे एकाच अल्बमच्या दोन तबकड्या होत्या. साल बहात्तर, अमेरिकेतला एक काळा गायक, सोल आणि फंक संगीत. ज्यांना यातलं कळतं ते त्याचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावतात. एक तबकडी पहिल्या अमेरिकन प्रेसिंगची, म्हणजे पहिल्या छपाईची, जाड, काळीभोर. दुसरी कलकत्त्यात छापलेली, पातळ आणि खरखरणारी. अमेरिकन ऐकायला होती. कलकत्त्याची मारताना लावायला, कारण तिच्यावर ओरखडा उठला तरी मास्तरांच्या जिवाला लागत नसे.

ट्रंपेट कडाडले. गायकाने किंकाळी फोडली आणि तिच्या आडोशाने मास्तरांनी लाकडी पट्टी चालवली. फळ्यावर रेघा आखायची, शाळेतून आणलेली पट्टी होती ती. चंदाने खिडकीचा गज धरून ठेवला. दोन गाणी ती उभी राहिली. तिसऱ्याला पोटात गुडघा बसला आणि ती फळ्यांवर आदळली.

सुई उडाली.

"सांगितलं होतं ना," मास्तर म्हणाले, आणि त्याबद्दलचं वेगळं मारलं.

खाली राहीच्या खोलीत तिची सहा वर्षांची मुलगी प्रगती आणि शेजारच्या बायडीची दोन पोरं मटकन खाली बसली. बायडीचा धाकटा उशिरा बसला म्हणून बाद झाला. हा त्यांचा रविवारचा खेळ होता. वरून इंग्लिश गाणं सुरू झालं की नाचायचं, आणि धप्प आवाज आला की खाली बसायचं. आवाज कधी येईल सांगता येत नसे, त्यातच मजा होती. प्रगतीने एकदा विचारलं होतं की हे धप्प काय वाजतं. चुलीत लाकूड सारत राही म्हणाली होती, "गान्यातला ढोल हाय तो."

राही सूर्यमाळची. उन्हाळ्यात पाड्यावर पाण्याचा थेंब मिळेना, नवरा मंगळू वसईकडे वीटभट्टीवर गेला, तेव्हा ती पोरीला घेऊन जव्हारला आली. आठवडाभर बांधकामावर पाट्या उचलायची, रविवारी लाकडं फोडायची. गल्लीत पाच बिऱ्हाडं होती आणि पाचही मास्तरांना मानत होती. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला लोक निदान शिव्या तरी घालतात. मास्तर पीत नव्हते, तोंडातून वाईट शब्द काढत नव्हते, पोरांना फुकट गणित शिकवत होते. मग त्यांना कोण शिवी घालणार?

सोमवारी चंदा नळावर आली तेव्हा तिचं मनगट सुजलं होतं.

"मोरीत घसरले," ती म्हणाली.

"जपून, बाई," राही म्हणाली, आणि तिची कळशी भरून दिली.

पुढच्या रविवारी ठाण्याहून मास्तरांचा मित्र आला. उमेश त्याचं नाव, त्यालाही तबकड्यांचं वेड. त्याने त्याच अल्बमचं इंग्लंडमधलं प्रेसिंग आणलं होतं, आणि दोघांना दोन्ही समोरासमोर लावून ऐकायचं होतं. भाकऱ्या थापायला मदत हवी म्हणून मास्तरांनी राहीला वर बोलावलं. चंदा आणि ती चुलीशी बसल्या. बाहेरच्या खोलीत दोघे मित्र लेबलाभोवतीच्या कोऱ्या कडेवर कोरलेले छपाईचे आकडे भिंगातून वाचत होते आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत होते.

"इंग्लंडवाल्यांनी बेस दाबलाय बघ," उमेश म्हणाला. "तुझ्या तबकडीत तो छातीत वाजतो."

मास्तर हसले. ते असे हसले की माणूस किती भला वाटे!

इतक्यात प्रगती धापा टाकत जिना चढून आली. मागे बायडीची पोरं होती.

"सर, ढोल कवा येनार?"

"कसला ढोल गं?" उमेशने विचारलं.

"धप्प. तो आला का आमी खाली बसतो. आज एकदा पन नाय आला. नाचून नाचून पाय दुखले."

उमेश आधी हसला. मग त्याचे डोळे चमकले. या लोकांना एखादी वेगळी छपाई सापडल्याचा नुसता वास आला तरी भूक-तहान राहत नाही.

"सुदर्शन, तुझ्याकडे कलकत्त्याची पण आहे ना? तिच्यात वेगळं मिक्सिंग असणार. अरे, हे कुठेच कोणी लिहिलेलं नाही!"

"राहू दे. खराब झालीय ती."

पण उमेशने ती खालच्या फळीवरून काढलीसुद्धा. खिडकीच्या उजेडात धरली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तबकडीवर कडेपासून आतपर्यंत ओरखडेच ओरखडे होते. त्याने ती लावली. तिसऱ्या गाण्यात सुई अडखळली, पुढे सटकली, पुन्हा अडखळली. ढोल कुठेच नव्हता.

"हिच्यावर तर सुई उडालेली आहे. इतक्यांदा? इथे कोणी नाचतं की काय?"

चंदा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने ते खाली ठेवले नाहीत.

"भाऊजी, ढोल तबकडीत नाही," ती म्हणाली. "मी पडते, तेव्हा वाजतो."

गाणं चालूच होतं. उमेशने तिच्याकडे पाहिलं, पदराच्या कडेला दिसणाऱ्या तिच्या काळ्यानिळ्या मानेकडे पाहिलं, आणि नजर खाली घेतली. मग त्याने आपली इंग्लिश तबकडी कागदी पाकिटात घातली, पाकीट वेष्टनात आणि वेष्टन प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकही कोपरा दुमडणार नाही याची काळजी घेतली.

"दोनची एसटी मिळते का बघतो," तो म्हणाला.

चहा तसाच राहिला. जिना उतरताना त्याने पिशवी छातीशी धरली होती.

मास्तरांनी सुई उचलली. "राही, तू जा आता. पोरांना घेऊन जा."

चंदाने राहीकडे पाहिलं. मागितलं काहीच नाही, नुसतं पाहिलं. आणि राही गेली. हे सांगायलाच हवं, की ती गेली. पोरीचं बखोट धरून बारा पायऱ्या उतरली आणि आपल्या खोलीत येऊन उभी राहिली. वर कडी लागली. गाणं सुरू झालं.

खरखर नव्हती. आवाज कसा स्वच्छ, भरलेला येत होता. मास्तरांनी अमेरिकन तबकडी लावली होती. जिच्यावर बोटाचा ठसा उमटला म्हणून बाईची पाठ सोलली, ती तबकडी. आज त्यांना सुई उडाल्याची पर्वा नव्हती. म्हणजे आज कशाचीच पर्वा नव्हती. राहीला हे कळलं. आज चंदा जिवंत राहत नाही.

धप्प.

"आला!" प्रगती ओरडली आणि टाळी वाजवून खाली बसली.

राहीने दारामागची कुऱ्हाड घेतली. जिना ती कशी चढली ते तिला नंतरही आठवलं नाही. पहिले दोन घाव दारावर फुकट गेले, तिसऱ्याला कडी निखळली. मास्तरांनी चंदाचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं ते फळ्यांवर आपटत होते. मोजून आपटत होते, घाई नव्हती. चंदाच्या कानातून रक्त येऊन गळ्यापर्यंत उतरलं होतं.

"हे आमचं घरातलं आहे," मास्तर मान वर न करता म्हणाले. "तू खाली जा."

राहीने कुऱ्हाड उलटी धरली आणि त्यांच्या कोपराखाली हाणली. हाड मोडल्याचा आवाज गाण्यातूनही ऐकू आला. दुसरा घाव खांद्यावर बसला. मास्तर मागे टेबलावर कोसळले, सुई तबकडीच्या कडेपासून लेबलापर्यंत करकरत गेली आणि गाणं बंद पडलं. ते मोडका हात पोटाशी धरून लहान मुलासारखे रडायला लागले. तिसरा घाव घालावा असं राहीला फार वाटलं. पण चंदा हलत होती, तिला उचलायला दोन्ही हात लागणार होते, म्हणून तिने कुऱ्हाड टाकली.

गाणं थांबलं आणि गल्लीतली दारं उघडली. एक नाही, दोन नाही, सगळी एकदमच. दोन वर्षं गाणं चालू असताना एक दार उघडलं नव्हतं. राही चंदाला घेऊन उतरली तेव्हा माणसं ओट्यांवर येऊन उभी होती. चंदाचा हात तिच्या खांद्यावर होता आणि सगळा भार तिच्यावर होता.

बायडीने तोंडाला पदर लावला. "अगं बाई, काय झालं गं हे? आमाला तर वाटायचं, गान्यातलाच ढोल हाय."

"नाय, बायडी," राही म्हणाली. "तुला तसं वाटत नव्हतं."

ती थांबली. खांद्यावरचा चंदाचा हात तिने नीट धरला.

"मला पन नाय."

खांद्यावरचा हात निघाला. चंदाने भिंतीचा आधार घेतला, सरळ उभी राहिली आणि चालू लागली. दवाखान्यापर्यंत ती एकटीच चालत गेली. राही दोन पावलं मागून जात होती.