पंचफुलाबाईंचं निंदण

वकार दोन दिवसांसाठी अकोल्याला गेला आणि जाताना शेतात कामाला येणाऱ्या पंचफुलाबाईंना सांगून गेला, "मावशी, प्लॉट निंदून ठेवा. गवत काढून एकदम साफ." बाईंनी तो साफ केला. इतका, की परत आल्यावर वकार धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मटकन बसला.

हा वकार अमरावतीच्या एका कॉलेजात ज्वारीवर पीएचडी करत होता. रानातली ज्वारी पिकली की दाणे भुईवर सांडते, घरची कणसात धरून ठेवते. त्या रानटी गवतातून माणसानं ही धरून ठेवणारी ज्वारी कशी घडवली, हे त्याला शोधायचं होतं. म्हणून त्यानं दोघींचा संकर केला आणि त्या जोडीची चारशे नातवंडं भातकुलीच्या वाटेवरच्या एका तुकड्यात लावली. काही रानातल्या आजीवर गेलेली, काही घरच्या आज्यावर, बाकीची अधलीमधली. प्रत्येक रोपापाशी नंबराची खुंटी. कणसं भरली की कोण दाणे सांडतं ते मोजायचं आणि प्रबंध लिहायचा. फेलोशिपचं हे शेवटचं वर्ष होतं.

आता खुंट्या चारशे उभ्या होत्या आणि रोपं दोनशे सदतीस. बाकीची धुऱ्यावर सुकत पडली होती.

"मावशी, हे काय केलं?"

"निंदलं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "अर्धं गवतच होतं भाऊ. कोनं देल्लं हे बी? फसवलं त्यानं तुमाले."

"अवं पन नंबर होता ना त्याले!"

"खुंटीले हात नाही लावला म्या. गवताले नंबर देल्ला तर त्याची ज्वारी होते काय?"

वकारनं रडवेल्या आवाजात विचारलं, की इतक्या लहान रोपात तुम्ही ओळखता कसं?

"बुडाशी धरलं का कळते. हाताले चिवट लागते. डोये मिटून सांगीन."

वकारच्या मार्गदर्शक संध्या मॅडम तशा तापट, पण सगळं ऐकून त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "पानांचे नमुने?"

"तेच द्यायला अकोल्याच्या लॅबमध्ये गेलो होतो. सगळ्या चारशेचे."

"मग तोंड पाडून काय बसलास! हजारो वर्षं बायांनी जे केलं, ते तुझ्या वावरात एका दुपारी झालं. कोणतं रोप उपटलं ते खुंट्या सांगतील. का उपटलं ते पानं सांगतील."

पानांनी सांगितलं. उपटलेल्या जवळपास सगळ्या रोपांत रानज्वारीकडून आलेला वारशाचा एक तुकडा सारखाच निघाला. म्हणजे माणसाची जी निवड कणसापाशी सुरू होते असं वकार समजत होता, ती इथं वीतभर रोपापाशीच उरकली होती. करायला गेला एक आणि हाती लागलं त्याहून मोठं. पण मॅडमनी लगाम खेचला. "एकदा झाला तो योगायोग. रब्बीत पुन्हा लाव, पुन्हा त्याच पद्धतीनं निंदू दे. तसंच आलं तर मी स्वतः सही करते." संकराचं बी एका पेऱ्यापुरतंच उरलं होतं.

वकारला आनंद मावेना. तो पावशेर पेढे घेऊन पंचफुलाबाईंच्या घरी गेला आणि त्यानं त्यांना सगळं सांगितलं. रानातली आजी, घरचा आजा, एकेका रोपाच्या पोटात कुणाचा वारसा आहे, तुमच्या हातानं काय शोधून काढलं. दोन तास सांगितलं. ज्यानं शोध लावला त्याला ते कळलंच पाहिजे, असं त्याला मनापासून वाटत होतं. भला माणूस, दुसरं काय!

ऑक्टोबरात रोपं वीतभर झाली. पानांचे नमुने अकोल्याला पोचले. वकार वही घेऊन धुऱ्यावर उभा राहिला. पंचफुलाबाई तासात, रोपांच्या ओळीत, बसल्या, पहिलं रोप बुडाशी धरलं, सोडलं. दुसरं धरलं, सोडलं. मधलं खरंखुरं गवत तेवढं काढत, एकेक ओळ करत त्या शेवटच्या तासाच्या टोकाला पोचल्या. चारशेतलं एकही रोप हललं नव्हतं.

"मावशी, काहून काढून नाही राहिल्या?"

"तवा गवत होतं ते. आता एकेकाची आजी कोन, आजा कोन, समदं मालूम हाय. हातच नाही उठत."

वकारनं धीर करून विचारलं, "गावात दुसरी कोनी निंदनारी बाई भेटन काय?"

"साऱ्याच येतीन. साऱ्यायले सांगून ठेवलं म्या, त्या वावरातलं एक रोप तुटलं नाही पायजे." बाईंच्या तोंडावर अभिमान होता. मग वकारचा चेहरा पाहून त्या थबकल्या. "चुकलं काय भाऊ माहं?"

त्याला रडू येत होतं आणि राग कुणावर धरावा ते कळत नव्हतं.

"तुमचं नाही, मावशी," तो म्हणाला आणि वहीत त्या दिवसाच्या तारखेपुढे त्यानं लिहिलं: उपटलेली रोपं, शून्य.