खापरपणजीची परवानगी

छुफू गावाच्या उत्तरेला सकाळचं धुकं इतकं दाट उतरलं होतं, की खोंग घराण्याच्या दफनभूमीतली सरूची जुनी झाडं बुंध्याशिवाय तरंगत होती. वेईथाओने वडिलांच्या अस्थींचा डबा छातीशी धरला होता. वडील तरुणपणी पोटासाठी दूर उत्तरेला हार्बिनला गेले, ते परतलेच नाहीत. "मला आपल्या माणसांत पुर," एवढंच शेवटी म्हणाले. पण कन्फ्यूशियसच्या, म्हणजे खोंग वंशातल्या त्यांच्या शाखेत एक रिवाज होता. हयात असलेल्यांत ज्याची पिढी सगळ्यांत वरची, त्याने हो म्हटल्याशिवाय कुणाला पुरत नसत.

रस्त्याकडेला पस्तिशीची एक बाई तव्यावर घावन घालत होती.

"ए पोरी, एक दे. अंड्यात कंजूसपणा नको."

"अंडं कोंबडी घालते, आजोबा. कुणाकडे आलात?"

"घरीच आलोय. खोंग वेईथाओ."

तिचा हात थांबला. शेजारची भाजीवाली हसू लागली. "ही खोंग फान्युन. मोजा आता पिढ्या."

नावातलं मधलं अक्षर पिढी सांगतं. वडिलांनी ती अक्षरं क्रमाने त्याच्याकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली होती. वेईथाओने मनात मोजलं. ही चार पिढ्या वरची, म्हणजे त्याची खापरपणजी लागत होती.

"तुमच्या शाखेत त्या पिढीची ही एकटीच उरलीय," भाजीवाली म्हणाली.

म्हणजे परवानगी हिचीच, आणि हिलाच तो 'ए पोरी' म्हणाला होता. सत्तरीचे गुडघे तयार होईनात. तरी त्याने ते ओल्या रस्त्यावर टेकले.

"चुकलो, खापरपणजी. माझ्या बापाला जागा द्या."

"नाव?"

"दशुन."

ती डब्याकडे वळली. "काय रे दशुन, इतकी वर्षं कुठे होतास? जाताना कुणाला सांगायची काही पद्धत आहे की नाही?"

वडिलांना कुणी रागावलेलं वेईथाओने कधी ऐकलं नव्हतं. डब्यात कुणीतरी मान खाली घालून उभं आहे, असं त्याला वाटलं.

"तिकडे थंडी फार होती," तो वडिलांच्या वतीने बोलून गेला.

"थंडी होती म्हणे." तिने जाळ बारीक केला, हात पुसले आणि डबा स्वतःकडे घेतला. "ऊठ, बाळ. घावन खात खात चल. उपाशीपोटी खणवत नाही."

तो खात खात तिच्या मागे निघाला. झाडांत शिरताच ती धुक्यात दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत होता, आणि बोलणं त्याच्याशी नव्हे, डब्याशी चाललं होतं.

"जपून, इथे मुळं आहेत. हा तुझा काका. हे आजोबा. पाया पड."