खराड्यांचा सातवा रकाना

खराड्यांच्या घरात आजारपण लपवलं की भिंती वीतभर आत यायच्या. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दिवाण तेवढा सरकवून घ्यायचे.

शाळेच्या नर्स दमयंती सिस्टर भर दुपारी फॉर्म घेऊन आल्या. नववीतल्या ईश्वरीचा रक्तदाब तीनदा मोजूनही दीडशेच्या खाली येत नव्हता. घरातल्या, कमी वयात हृदयविकारानं गेलेल्यांची नावं लिहायच्या सातव्या रकान्यात तिच्या वडिलांनी, विलासरावांनी, ठसठशीत 'निरंक' लिहिलं होतं. भिंतीवर हार घातलेले तीन फोटो होते. तिघांच्याही मिशा काळ्याभोर.

"हे कशानं गेले?"

"थोरले भाऊ पित्तानं," ईश्वरीच्या आत्याबाई म्हणाल्या. "मधले दगदगीनं. धाकट्याला दृष्ट लागली."

तीन उत्तरं, तीन विती. सिस्टरांचे गुडघे विलासरावांच्या गुडघ्यांना टेकले.

"पाय वर घ्या सिस्टर, मोकळ्या बसा," म्हणत ईश्वरीच्या आईनं खारे शेंगदाणे पुढे केले.

"अहो, खरं लिहा. डॉक्टर तपासतील, पोरीला वेळेवर औषध मिळेल."

"आणि उद्या हिला स्थळ आलं, की हिच्याआधी हा कागद तिथं पोचेल," विलासराव म्हणाले. "तुम्ही आमचे पाहुणे बघितले नाहीत अजून."

"बाबा, जिना चढताना मला अंधारी येते," ईश्वरी म्हणाली.

"उपास करते ना, म्हणून," आत्याबाई म्हणाल्या.

दिवाण कडकन मोडला. पाचही जण उभे राहिले. बसायला जागाच नव्हती. दार अरुंद होत होत पंचांगाएवढं झालं होतं.

"आईला मळमळत होतं सकाळपासून," ईश्वरी म्हणाली.

"काही नाही गं, झोप झाली नाही," आई म्हणाली.

आता कोणाचा खांदा कोणाचा, ते कळेना. विलासरावांनी कशीबशी मान वळवून लेकीकडे पाहिलं.

"द्या पेन," ते म्हणाले. "लिहितो खरं."

सिस्टरांनी चाचपडत त्यांच्या बोटांत पेन दिलं. पाचही छात्या एकमेकींना चिकटलेल्या. सवयीनं सिस्टर ठोके मोजू लागल्या. पुन्हा मोजले. माणसं पाच, ठोके चौघांचे. डोळे सगळ्यांचे उघडे होते, आणि सगळे सिस्टरांकडेच बघत होते.

"सांगा," विलासराव म्हणाले, "पहिलं नाव कोणाचं घालू?"