सात नंबरची फळी आणि अक्काचा पाय

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, तुम्ही दुकानं शटर ओढून बंद होताना पाहिलीत, म्हणून आधी माझी जात सांगते. पूर्वी दुकानाला शटर नसे. खाली उंबऱ्यात एक खाच, वर तुळईत एक खाच, आणि त्या दोन खाचांत एकीमागून एक उभ्या फळ्या सरकवल्या की झालं दुकान बंद. प्रत्येक फळीवर नंबर घातलेला असे, कारण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आम्ही अकरा जणी होतो. माझा नंबर सात. रंग उडाला, पण आकडा अजून वाचता येतो.

मी फणसाची. झाड चंदगडकडून आलं. कोल्हापुरात एका सुताराने ते कापून, रंधा मारून आमच्या फळ्या केल्या आणि १९६१ साली गंगावेशीजवळ पिराजी चौगुलेच्या पेंडीच्या दुकानाला बसवल्या. गंगावेशीला म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची पद्धत. म्हशी आल्या म्हणजे त्यांचा खुराक आला, आणि खुराक म्हणजे सरकीची पेंड. दुकान छान चालायचं.

पिराजी माणूस दणकट. पेंडीचं पोतं पाठीवर घेताना कुणाचा हात लागू द्यायचा नाही. कुणी विचारलं की हमाल का लावत नाही, तर म्हणायचा, "पाठ काय भाड्यानं आणलिया व्हय?" गिऱ्हाईक हसायचं. मीही उभ्या जागी ऐकायची. तेरा वर्षं हेच उत्तर ऐकलं.

माझ्यात एक खोड होती, ती लपवत नाही. पावसाळ्यात मी फुगायची. बाकीच्या दहा जणी निमूट निघायच्या, मी मात्र खाचेत अडून बसायची. मग पिराजी मला दोन बुक्क्या घालायचा आणि हिसका देऊन ओढायचा. १९७४ च्या श्रावणात एके सकाळी त्याने मला असंच दोन्ही हातांनी धरलं, कमरेत वाकला आणि हिसका दिला. मी निघाले. तो मात्र तसाच वाकलेला राहिला, हात माझ्यावर, आणि त्याला सरळ होता येईना. ओरडला नाही. बायकोला एवढंच म्हणाला, "तानू, मला धर."

सगळा आळ माझ्यावर आला. तानाबाई मला चुलीत घालायला निघाली होती. पण गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "फळीला बोल लावू नका. तेरा वर्षांच्या पोत्यांनी केलंय हे, फळी फक्त निमित्त." मग म्हणाले, गादी काढा आणि याला कडक फळीवर निजवा. तानाबाई म्हणाली, "फळ्यांचा काय तोटा हाय आमच्यात?" आणि दुकानातून सहा, सात, आठ अशा तिघी उचलून घरातल्या खाटेवर टाकल्या. घाईत तिने आठ नंबर मध्ये टाकली. पिराजीला घाम फुटलेला, कळ मांडीतून पिंढरीत उतरलेली, तरी तो म्हणाला, "नंबरानं लाव." म्हणून मी मध्ये आले, नेमकी त्याच्या कण्याखाली. ज्या फळीने पाठ मोडली म्हणून शिव्या खाल्ल्या, तीच पाठ आता रात्रंदिवस माझ्यावर. दुकानात आमच्या तिघींच्या जागी पत्रा ठोकला.

पंधरा दिवसांनी त्याला मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. पाठीत औषध सोडून फोटो काढला. परत आल्यावर तानाबाईने शेजारणींना सांगितलं ते मी ऐकलं. मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात, त्यातल्या खालच्या दोन सरकल्या आहेत आणि पायाकडे जाणारी शीर दाबतायत. मिरजेचे डॉक्टर ऑपरेशनची घाई करत नव्हते. म्हणाले, बरेच जण नुसते आडवे पडून बरे होतात, वाट बघू. पण पायाची ताकद जायला लागली, किंवा लघवी अडली, तर एक दिवसही घालवू नका, सरळ इकडे या.

आता वाट बघायची म्हणजे काय, हे कुणालाच नीट कळलं नव्हतं. ऑपरेशन करावं की करू नये, यावर खाटेभोवती रोज बैठक भरायची. कळंब्याचा गुंडू दूधवाला तर ठाण मांडून बसायचा. "आमच्या गावात एकाचं पाठीचं ऑपरेशन केलं, पावणं. गडी खुर्चीतनं उठलाच न्हाय." तो गडी नारळाच्या झाडावरून पडला होता, हे गुंडूने पुढे वर्षभराने सांगितलं. त्या वेळी मात्र पिराजीने ते ऐकलं आणि त्याची पाठ माझ्यावर लाकडासारखी ताठ झाली. माणूस तोंडाने काही बोलो, पाठ मला खरं सांगते. तो घाबरला होता. पाय गेला तर दुकान गेलं, आणि ऑपरेशन बिघडलं तरी दुकान गेलं, असा त्याचा पेच होता.

अशा वेळी सगळ्यांच्या माना अक्काकडे वळल्या. अक्का म्हणजे धोंडुबाई, पिराजीची थोरली बहीण, पलीकडच्याच घरात राहायची. ती पायाळू होती. जन्मताना ज्याचे डोक्याऐवजी पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि अशा माणसाने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, असा आमच्याकडे समज. अक्काच्या पायाचं नाव हातकणंगल्यापर्यंत होतं. चाळीस वर्षं माणसं वाकत यायची आणि ताठ होऊन जायची. ती कुणाकडून काही घ्यायची नाही. पण भावाच्या पाठीला पाय लावायला मात्र का कोण जाणे, टाळाटाळ करत होती. "ही उसण न्हाय," एवढंच म्हणायची. शेवटी पिराजीच म्हणाला, "अक्का, साऱ्या गावाला पाय लावतीस, मीच काय घोडं मारलंय?"

मग तीन सकाळी, कुणाशी न बोलता, अक्का आली. पिराजी पालथा पडायचा. ती त्याच्या कमरेवर उजवा पाय ठेवायची, तीनदा. तिचा भार त्याच्यातून माझ्यापर्यंत यायचा, आणि तो पाय थरथरत असायचा, हे मी सांगते. तिसऱ्या दिवशी दुपारी पिराजी म्हणाला, "दुखायचं थांबलं."

गल्लीत साखर वाटली. पिराजी उठून हिंडायला लागला. मिरजेचा कागद तानाबाईने ट्रंकेत ठेवला. मित्रांनो, मी लाकूड आहे, माझं कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की रात्री त्याची डावी टाच माझ्या शेजारणीवर घासायची, वळायची, आणि उजवी जिथे पडेल तिथे सकाळपर्यंत पडून असायची. दुखणं थांबलं होतं. त्याबरोबर आणखीही काही थांबलं होतं.

तानाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. आठव्या दिवशी ती म्हणाली, "दुखत न्हाय ते खरं, पर उजवी चप्पल दारात ऱ्हाती आनि तुम्ही तसंच फुडं जातासा, ते कसं वो?"

पिराजी म्हणाला, "चप्पल ढिली हाय."

"मिरजेला दावून येऊ या."

"बरं झालेलं दुखणं उकरून काढाय मी काय येडा हाय? अक्कानं बरं केलंय मला." आणि तो माझ्यावर येऊन आडवा झाला. तानाबाईने आणखी वाद घातला नाही. डोळे पुसले आणि अक्काला बोलावून आणलं.

अक्का खाटेच्या कडेला, आठ नंबरवर बसली. म्हणाली, "पिरा, दोन्ही आंगठं वर कर."

त्याने केले. डावा वर आला. उजवा जागचा हलला नाही.

"केलं की," पिराजी छताकडे बघत म्हणाला.

त्याला खरंच वाटत होतं की आपण उचललाय. अक्काने त्याची मान धरून थोडी उचलली आणि त्याला त्याचाच पाय दाखवला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. त्याची पाठ, मांडी, सगळं ताणलं गेलेलं मला कळत होतं. अंगठा मेल्यासारखा पडून होता.

"तू परत एकदा पाय लाव," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता.

तेव्हा अक्काने सांगितलं. "माझ्या पायात काय न्हाय, पिरा. मी पायाळू न्हाय. पायाळू तू हाईस."

तानाबाई उठून दार लावून आली.

अक्का म्हणाली, "तू झालास तवा आपण गाव सोडून हिकडं आलो. घरात एक पायाळू पोर हाय, एवढंच गावच्या सुईणीकडनं हितल्या गल्लीत पसरलं, कुठलं ते न्हाय. पायाळू पोराला जमिनीत पुरलेलं धन काढणारी माणसं पळवून नेत्यात म्हणायची. त्याच्यावर वीज पडती म्हणायची. आईला एकच ल्योक. तिनं बोट माझ्याकडं दावलं, ही थोरली पायाळू म्हणून. मी दहा वर्साची. धन काढणारं आलं तर मला नेऊ देत, वीज पडली तर माझ्यावर पडू दे. धा वर्सं, पाऊस आला की मी घरात कोपरा धरून बसायची. रागानं बसायची."

पिराजी म्हणाला, "मग एवढी माणसं बरी कशी झाली?"

"उसण चार दिवसांत आपसूक जाती. माणसं माझ्याकडं तिसऱ्या दिवशी येत्यात." ती उठली. "लोकांस्नी उद्या काय तोंड दावायचं ते मी बघून घेईन. माझं नाव जाऊ दे. तुझा पाय जाय नको. तू मिरजेला जा."

पिराजीने माझ्या कडेवर हात आवळला. मग म्हणाला, "गुंडूला बोलवा. त्याच्या भावाचा ट्रक हाय."

त्याला बसवून न्यायला तानाबाई धजेना, म्हणून ट्रकात रिकामी पोती अंथरली आणि त्यावर आम्हा तिघींना टाकलं. नंबरानं. वाटेत हातकणंगल्याच्या पुढे रस्ता खराब होता, तिथे अक्का त्याचा उजवा पाय मांडीवर घेऊन बसली होती. ऑपरेशनच्या खोलीत फळ्यांना कोण नेतो? आम्ही बाहेर भिंतीला टेकून होतो. त्यामुळे आतलं मला सांगता येणार नाही, आणि न पाहिलेलं सांगायची मला सवय नाही. तानाबाई माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, शीर मोकळी केली आहे, चालेल तो, पण आठ दिवस आधी यायला हवं होतं.

ते आठ दिवस परत मिळाले नाहीत. पिराजी काठीने, मग काठीशिवाय चालायला लागला. दुकान पुन्हा उघडलं. पण उजव्या पावलात पूर्ण जाणीव कधीच आली नाही. चालताना अंगठा जरासा घासायचा, आणि पायात खडा गेला तर रक्त दिसल्यावर कळायचं. पोती उचलायला हमाल आला. "पाठ काय भाड्यानं आणलिया" हे मी पुन्हा ऐकलं नाही.

अक्काने गल्लीला खरं सांगून टाकलं. लोकांनी ऐकलं आणि म्हणाले, किती मोठ्या मनाची बाई, स्वतःकडे मोठेपणा घेत नाही. आणि दुसऱ्या दिवशी वाकत वाकत आणखी दोघे आले. शेवटी अक्काने नवीन रीत पाडली. आलेल्याला ती आडवं करायची आणि म्हणायची, "आंगठं वर कर." दोन्ही वर आले तर, "घरी जा, चार दिवस पड." नाही आले तर, "मिरजेची गाडी धर." पाय कुणालाच लावायची नाही. तिच्या सांगण्यावरून किती जण मिरजेला गेले ते मला ठाऊक नाही. एक न्हावी गेला होता, तो बरा होऊन पेढे घेऊन आला, एवढं आठवतं.

१९८० साली दुकानाला शटर लागलं. सहा नंबर बंबात जळाली. आठ नंबरचा पाट झाला. बाकीच्या कुठे गेल्या ते कळलं नाही. एका झाडाच्या आम्ही, पण कुणी विचारून वाटणी करत नाही. मी तेवढी घरात दारामागे उभी राहिले, कारण कुणाची पाठ धरली की मला मागून न्यायचे आणि परत आणून ठेवायचे.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. जुनं म्हणून मला फोडू नका. तुमच्या घरात कुणाची पाठ धरली तर खुशाल न्या, मी पाठीला चांगली आहे. पण पायाला बधिरपणा आला, चप्पल आपोआप निसटायला लागली, तर माझ्यावर पडून राहू नका. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं माझ्यावर निजलेल्या एका माणसाला वाटलं होतं. त्याचा अंगठा अजून घासतो.

एवढ्यावर थांबणार होते, पण एक राहिलं.

गेल्या वर्षी, म्हणजे १९८६ साली, घागर उचलताना अक्काची पाठ जागच्या जागी धरली. वय सत्तरीकडे झुकलेलं. तिला माझ्यावर आणून निजवलं. पिराजी आला. म्हणाला, "अक्का, आंगठं वर कर." तिने दोन्ही केले, झटकन.

"मग चार दिवस पड," तो म्हणाला.

"पडती की. पर आधी पाय लाव. घरात खरा पायाळू असून मला कधी त्याचा उपेग झाला न्हाय."

पिराजी हसला. मग अक्का पालथी झाली. त्याने भिंतीला हात टेकून तोल सांभाळला आणि उजवा पाय, तो बधिर पाय, तिच्या कमरेवर ठेवला. पायाला खाली काय लागतंय ते त्याला कळत नव्हतं, म्हणून तो सारखा वाकून बघत होता. भार त्याने टाकलाच नाही. मला ठाऊक आहे, माझ्यावर त्या वेळी फक्त एकाच माणसाचं वजन होतं.

"लागला का पाय?" त्याने विचारलं.

"लागला," अक्का म्हणाली. "आता बरं हाय."