मंगळवारचा पाहुणा

"काम सरकारी, पेन घर का," कोरडं पेन कागदावर घासत हवालदार पुटपुटला, आणि हरिदासने सवयीने आपल्या खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं.

शांताने नवऱ्याकडे पाहिलं. मदतीला हा माणूस कायम तयार. शुक्रवारी दुपारी, कोर्टाच्या व्हरांड्यात, पोराच्या अटकेच्या कागदासाठीसुद्धा.

पोरगा, यशदीप, पलीकडच्या बाकावर दोन शिपायांच्या मध्ये बसला होता. उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलमध्ये तो स्टोअर सांभाळायचा. तांब्याची केबल कमी भरली, मालकाने त्याचं नाव घेतलं, ठाण्यातून फोन आला की जरा विचारपूस आहे. तेव्हा हरिदासच म्हणाला होता, "आपण होऊन नेलं तं जीप पाऱ्यात, आपल्या गल्लीत येत नाही. इज्जत राहते." मंगळवारी सकाळी नऊला त्याने पोराला स्कूटरवर मागे बसवलं आणि ठाण्याच्या दारात उतरवून दिलं, शाळेत सोडावं तसं. जीप आली नाही, हे खरं. पोरगाही आला नाही.

बुधवारी शांता डबा घेऊन गेली, तर ठाण्यातल्या मुंशीने रजिस्टर उलटूनपालटून दाखवलं.

"नाम कहाँ है, अम्मा? अभी तो मेहमान है."

डबा मात्र ठेवून घेतला.

तीन दिवस घरात सगळं बोलून झालं होतं. नळाला पाणी येत नाही, गॅस संपत आला, लेकीची, साक्षीची, नर्सिंगची परीक्षा. हरिदास भाजी आणायलाही पायी जात होता. स्कूटर अंगणात उभी होती आणि शांता तिला वळसा घालून कपडे वाळत घालत होती.

"यहाँ, बाबूजी. घर के आदमी की गवाही लगती है," हवालदाराने कागद पुढे केला.

वकील पूर्णिमा वाकून वाचू लागली. गरिबांना सरकार फुकट वकील देतं, तशी ती सकाळीच मिळाली होती.

"काका, यात लिहिलंय गुरुवारी संध्याकाळी सहाला मिलच्या गेटवर पकडलं. पकडल्यापासून चोवीस तासांत कोर्टापुढे आणावंच लागतं त्यांना. खरंच कालच नेलं काय?"

हवालदार मोठ्या मायेने म्हणाला,

"बेटी के मोबाइल पर भी इसके बहुत कॉल हैं. उसको भी बुलाना पड़ेगा क्या?"

हरिदासने सही केली. पूर्णिमाने शांताकडे पाहिलं. शांताने पदर सारखा केला. तो सारखाच होता.

आत मॅजिस्ट्रेट मॅडमनी फायलीतून मान वर काढली.

"कब पकड़ा? मारपीट हुई?"

यशदीप एकाच पायावर भार देऊन उभा होता.

"कल शाम को, मैडम. नहीं हुई."

पढवलेला पाढा. बहिणीचं नाव त्यालाही ऐकवलं असणार. पोलिसांनी आणखी चार दिवस मागितले. चार दिवस म्हणजे परत तीच खोली, हे त्या पायाकडे पाहून शांताला कळलं. पूर्णिमा बोलत होती: पहिलीच नोकरी, आधीचा कुठलाच गुन्हा नाही, माल सापडलेला नाही. चांगलं बोलत होती बिचारी. फक्त जे बोलायला हवं होतं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडमनी हुकूम लिहायला कागद पुढे ओढला.

मंगळवारचं ते एक वाक्य शांताने बोलायचं तर पोलिसांच्या आधी नवऱ्याचं नाव घ्यावं लागत होतं. तीन दिवस तिने ते भाताबरोबर गिळलं होतं.

शेजारी बाक करकरला.

"मैडम, सही मेरी है," हरिदास उभा राहून म्हणाला. "पर लिखा हुआ झूठ है. लड़का मंगलवार से थाने में है."

"आपको कैसे मालूम?"

हरिदासची हिंदी तिथेच संपली. हात बाकाच्या पाठीवर घट्ट धरून त्याने मॅडमकडे नाही, शांताकडे पाहिलं.

"म्याच नेऊन देलं वं त्याले."